चिंचोटीसाठी घेतलेले बूट

१४ एप्रिल २००२, रविवार
मनोरमा आज माहेरी गेली. गिरीजला. उन्हाळ्यात बायका माहेरी जातातच. निघताना म्हणाली की कंटाळले. मी म्हटलं, उकाडाच तसा आहे. त्यावर तिने बॅग उचलली, म्हणजे पटलं असावं.

दरवर्षी तिचं एकच मागणं असतं. चिंचोटीला जाऊ, ओढ्याच्या पाण्यातून धबधब्यापर्यंत चालत. दरवर्षी माझं एकच उत्तर, माझ्याकडे तसे बूट नाहीत. लग्नाला अकरा वर्षं झाली. आज डोक्यात प्रकाश पडला की अडचण निव्वळ टेक्निकल आहे. संकल्प: ती परत यायच्या आत बूट.

१७ एप्रिल
पतपेढीत शेजारच्या टेबलावरच्या फ्रेडरिकला विचारलं. तो सुट्टी मिळाली की तुंगारेश्वर चढतो, म्हणजे अधिकारी माणूस. म्हणाला, चामडं अजिबात नको, भिजलं की जड होतं आणि वाळता वाळत नाही. वर जाळीचं कापड हवं, हवा खेळती राहते. पाणी आत शिरणारच, ते बाहेर पडलं पाहिजे. सोल शेवाळावर धरणारा हवा. आणि खरेदी संध्याकाळी करायची, दिवसभरात पाय फुगतात. मग त्याने विचारलं, वहिनी कधी येणार? म्हटलं, आंबे संपले की.

२१ एप्रिल
मेहुणा मितेश टेम्पो घेऊन आला, मनोरमाचं शिलाई मशीन न्यायला. सुट्टीतसुद्धा बाई रिकामी बसत नाही. अभिमान वाटला. मनवेलपाड्याच्या या बिल्डिंगला लिफ्ट नाही, दोघांनी मिळून जिन्यावरून खाली नेलं. मितेश माझ्याकडे बघतच नव्हता. एरवी भावोजी भावोजी करतो. गाडी रस्त्यात उभी होती, त्याचं टेन्शन असणार.

२६ एप्रिल, संध्याकाळ
पाय फुगवून विरारच्या दुकानात गेलो. दुकानदाराने स्पोर्ट्स शूज पुढे केले. मी विचारलं, पाणी कुठून बाहेर येतं? म्हणाला, साहेब, पाणी आत जाणारच नाही. मी म्हटलं, गेलंच पाहिजे. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जाणकार गिऱ्हाईक कोणालाच नको असतं.

२९ एप्रिल
वसईला मिळाले! राखाडी, जाळीचे, तळाशी बारीक भोकं. हातात घेतले तर चपलेपेक्षा हलके. मनोरमालाही अशीच जोडी घ्यावी म्हटलं. दुकानदाराने तिचं माप विचारलं. माप काही आठवेना. घरून बघून येतो म्हणालो.

घरी येऊन बघतो तर स्टँडवर तिची एकही चप्पल नाही. माहेरी जाताना एवढ्या चपला कशाला लागतात? पण त्यांच्या केळीच्या वाडीत चिखल असतो, लागत असतील. पाच नंबर घ्यायचा ठरवला. साधारण पाचच वाटतो.

१ मे
सुट्टी. दोन्ही जोड्या घरात. आपले घालून बादलीत उभा राहिलो. पाणी आत, पाणी बाहेर. मग ओल्या बुटांनी गॅलरीत फेऱ्या मारल्या. शेजारच्या रिटाबाई म्हणाल्या, टँकरचं पाणी असं वाया घालवता? मी सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, रात्री जेवायला येत जा आमच्याकडे. बाई प्रेमळ आहे, पण मला काय धाड भरली आहे?

८ मे
गिरीजला फोन केला. सासूबाईंनी उचलला. मनोरमा वाडीत आहे म्हणाल्या. मागच्या वेळी फोन केला तेव्हाही वाडीतच होती. यंदा केळी फार लावलेली दिसते. निरोप ठेवला: रविवारी येतो, चिंचोटीला जाऊ, बुटांची काळजी करू नकोस.

१२ मे, रविवार
गिरीजला रिक्षा थांबवून ठेवली. बूट ओट्यावर काढायला लागले, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाहीत. सासूबाईंनी पाहुण्यांच्या कपबशीत चहा दिला. पूर्वी स्टीलच्या पेल्यात देत आणि बिस्किटं तुम्हीच घ्या म्हणत. मान वाढला. मायलेकी आपसात वाडवळीत बोलल्या. ती भाषा मला अजून कळत नाही.

तेवढ्यात ताट दिसलं. नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. ओटीची तयारी! लेक सासरी निघाली की आई ओटी भरते. काळीज सुपाएवढं झालं. रिक्षावाल्याला निघतोच म्हणून खूण केली.

सासूबाईंनी पाटावर बसवलं ते सुनेला. मितेशची ऋतिका पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली होती. दारात रिक्षा आहेच म्हणून तिला माझ्याच रिक्षात बसवलं. बॅग मी ठेवली.

मग मनोरमा मला वाडीत घेऊन गेली. केळीला पाणी सोडलेलं होतं. ती अनवाणी पाटाच्या पाण्यातून पुढे, मी नवे बूट घालून मागे. तिने चालता चालता सांगितलं की ती आता येणार नाही. जूनपासून इथेच शिवणाचा क्लास घेणार. राग नाही म्हणाली. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मी पिशवीतून तिची जोडी काढून पुढे केली. ती म्हणाली, अहो, मला बूट कधी हवे होते? मी अशीच आले असते. तुम्ही नुसतं चला म्हणायला हवं होतं. तरी घालून बघ म्हटलं. बांधावर बसून तिने घातले. टाच बाहेर निघत होती. तिला चार लागतो. तिने ते काढून नीट पुसले आणि माझ्या हातात दिले. तुमचे उन्हात वाळवा म्हणाली.

केळीच्या आड जाऊन रडलो. डोळ्यांत घाम गेला असं लिहिणार होतो. रडलो.

१३ मे
सकाळी दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून अर्धाच लिटर. त्याने विचारलं, वहिनी गावाला का? कधी येणार? मी दार धरून उभा राहिलो. मग म्हटलं, येणार नाहीत. तो बरं म्हणाला आणि वरच्या मजल्यावर गेला.