दोन्ही बाजूंची भाषणं

६ फेब्रुवारी १९२७, कर्जत

वाचनालयात वादसभा! रुपया सोळा विलायती पेन्सांचा असावा की अठरा? सरकार अठरावर अडून बसलंय, दिल्लीच्या कायदेमंडळात त्यावरून हमरीतुमरी चाललीय — मग कर्जतनंच का मागं राहावं! आमचे हे सोळाच्या बाजूने. समोर भिसेगावचे इद्रिसशेठ, कंदील-छत्र्यांचे व्यापारी. जिंकेल तो वाचनालयाचा नवा अध्यक्ष.

मी म्हटलं, "अध्यक्ष झालात तर बायकांनाही एक दिवस द्या की."

हसले. "बायका तिथं येऊन करणार काय?"

वर्तमानपत्र वाचणार! ताजं. साऱ्या वकिलांच्या हातून फिरून चुरगळलेलं नव्हे.

९ फेब्रुवारी

कचेरीतून आले नि टिपणं माझ्यापुढं टाकली. "जरा नीट लिहून काढ."

टिपणं कसली — 'शेतकरी', 'अन्याय' आणि एक चहाचा डाग! मीच लिहिलं सगळं. रुपया महाग केला की मँचेस्टरचा विलायती माल स्वस्त, आणि परदेशी जाणाऱ्या आपल्या कापसाचे हाती रुपये कमी. यात एवढं अवघड काय आहे?

शेवटी माझं एक वाक्य घातलं — 'मी अध्यक्ष झालो, तर दर बुधवारी वाचनालय बायकांचं.'

"हे काय?"

"टाळ्यांचं वाक्य. शेवटी लागतंच."

टाळ्या म्हटल्यावर ठेवलं!

११ फेब्रुवारी

मागच्या दाराने सफुरा. इद्रिसशेठची बायको, माझी जुनी मैत्रीण.

"गोदे, आमच्या शेटना धंदा येतो, भाषण नाय येत गं. तू दे ना लिहून."

"अगं, समोर आमचे हे आहेत!"

"म्हनून तर! ते काय बोलनार ते तुलाच ठावं."

हसू आवरेना. दिलं लिहून. अठराची बाजूही लंगडी नाही हं — कंदील, सुई, छत्री स्वस्त झाली तर ती गरिबालाच.

शेवटी टाळ्यांचं वाक्य. तेच!

२० फेब्रुवारी

झाली सभा. आम्हा दोघींना आत कोण घेतंय? मागच्या खिडकीखाली उकिडव्या बसलो.

हे झोकात सुरू झाले आणि कापसापाशी अडले. मला राहवेना. "मँचेस्टर!" मी खिडकीतून फुसफुसले. सफुरानं माझं डोकं खाली दाबलं. आतून "मँचेस्टर!" अशी गर्जना — गाडी सुटली एकदाची.

इद्रिसशेठ मात्र न अडखळता बोलले. सफुरानं घोटून घेतलं होतं. बुधवारच्या वाक्याला दोघांनाही टाळ्या.

हात वर झाले. इद्रिसशेठ जिंकले. माझ्याच भाषणानं माझा नवरा पडला! वाईट वाटलं. थोडंसंच.

२१ फेब्रुवारी

"इद्रिसशेठला नेमकं तेच वाक्य कसं सुचलं?"

"चांगल्या माणसांना चांगलंच सुचतं."

९ मार्च

दिल्लीतही अठराच. थोडक्या मतांनी. हे जेवले नाहीत नीट. मलाही खरं तर सोळाच पटत होतं.

१६ मार्च

इद्रिसशेठनी शब्द पाळला. पहिला बुधवार! टेबलावर न उघडलेला अंक. मी मोठ्यानं वाचत गेले, बायका प्रश्न विचारत गेल्या. सफुराला उत्साह आवरला नाही. "दोनी भाषनं हिचीच!" सगळ्यांदेखत बोलली की बया! संध्याकाळपर्यंत स्टेशनापर्यंत गेलं असणार.

१७ मार्च

गेलं. हे बोलत नाहीत. मीठ मागितलं तेही भिंतीकडे बघून.

१८ मार्च

अबोला. मी माफी मागितली, पण मध्येच 'मँचेस्टर' आठवलं नि हसू फुटलं. आणखी बिघडलं! रात्री मात्र भीती वाटली — आता बुधवारी जाऊ देतील ना?

२० मार्च

वाचनालयातून आले. टोपी काढली. म्हणाले, "एप्रिलात पुन्हा वाद आहे. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला तुझं नाव देऊन आलोय. खिडकीखालून नाही, आत उभं राहून बोलायचं."

मी टोपी खुंटीला अडकवली.

मग हे हळूच — "माझं भाषण मात्र तूच लिहून दे."