खाजकुयरीचं पहिलं पान

तरी तू म्हणशीलच, बा, की एवढ्याशा दोन ओळींचं पोरानं एवढं काहून मनावर घेतलं. घेतलं. पंधरा वर्षांच्या पोरानं आणखी काय करावं? पोळ्याचा दिवस, तोरणाखाली बैल उभे, झडत्या म्हणणाऱ्यांचा गलका, आणि अख्ख्या गावाच्या हातात तुझी चेष्टेची पत्रिका ‘खाजकुयरी’, पवनीहून झेरॉक्स मारून आणलेली, आठ पानांची. पहिल्या पानावर मी. “आमच्या घरी एक शास्त्रज्ञ आहेत. नववीत दोन वर्षं संशोधन करून त्यांनी शोध लावला, की शाळेला मागूनही दार आहे.” बैलवाले पोट धरधरून हसले. तेव्हापासून रस्त्यानं जाताना म्हातारेसुद्धा विचारत, “का शास्त्रज्ञ, कोनीकडं चाल्ले?” मी घरी येऊन पुरणपोळीचं ताट लोटलं. तू मात्र, सायकलीच्या वंगणानं काळी झालेली बोटं पुसत म्हणालास, “पयल्या पानावर आपल्या घरचा मानूस. मंग बाकी सात पानांसाठी कोनी आपली कॉलर धरत नाही.” नियम चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण घरचा माणूस म्हणजे दर अंकात मी, नाहीतर माय. तू एकदाही नाही. माझं भांडण तेवढंच आहे.

नाहीतर मले ती आवडायची, बा, जीव टाकून आवडायची. वर्षातून दोनदा, पोळ्याले आणि होळीले. तुझ्या सायकल दुकानात खिळ्याला टांगलेला बिस्किटाचा पत्र्याचा डबा, लोक येता-जाता त्यात बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायचे आणि तू त्या रात्री जेवल्यावर वाचून एकटाच खिदळायचास. “हरवला आहे: आमच्या गावाचा रस्ता. शेवटचा दिसला तेव्हा अंगावर थोडी खडी होती. सापडल्यास ठेकेदाराला कळवू नये, तो पुन्हा घेऊन जाईल.” हे मले आजही पाठ आहे, शाळेतली एक कविता पाठ नाही. ज्याच्यावर छापून यायचं तो दिवसभर शिव्या द्यायचा आणि संध्याकाळी गुपचूप पाच अंक घेऊन जायचा. ज्याच्यावर नाही आलं तो रुसायचा. “यंदा मले काहून सोडलं बे? मी का मेलो का?”

त्याच डब्यात मीही एक चिठ्ठी टाकली होती. डाव्या हातानं लिहिली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. तुझ्यावर. दिवाळीनंतर मी नागपूरला पळालो, हॉटेलात कपबशा धुतल्या, तुझा फोन आला की उचलायचो नाही. होळीचा अंक निघालाच नाही, त्याच्या आधी तू गेलास. बारा वर्षं मी हेच धरून बसलो, की दुसऱ्याचं हसं करणाऱ्या माणसानं आपल्यावरची चिठ्ठी फाडून टाकली असेल.

आता ऐक. मी इकडे गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात आहे, हे माझं पाचवं गाव, फोर्कलिफ्ट चालवतो. मागच्या महिन्यात घरून तुझ्या लेकीनं, लहानीनं, रस्ता हरवल्याच्या जाहिरातीचा फोटो मोबाईलवर पाठवला. आपल्याकडच्या बपेऱ्याचा एक पोरगा सोबत आहे, तो हसून हसून पॅलेटवर आडवा झाला. ओडिशावाल्याले मी हिंदीत सांगितलं, तर तो म्हणतो, “अरे, ये तो हमारे गाँव का रोड है!” दुपारपर्यंत तीन राज्यांतल्या माणसांचा रस्ता हरवला होता. मी लगेच लहानीले फोन लावला, तर ती म्हणते, “यंदा पोळ्याले अंक काढून राहिली मी. पयल्या पानावर कोनाले घेऊ, दादा?”

“शास्त्रज्ञच टाक परत.”

“तो शिळा झाला,” म्हणे. “आन् पयलं पान तयारच आहे. डबा उघडला मी. बाच्या हातची होळीच्या अंकाची पानं आहेत त्यात. पयल्या पानावर कोन आहे सांगू?”

तिनं वाचलं. माझी चिठ्ठी. तुझ्या अक्षरात, शुद्धलेखन सुधारून. “आमच्या घरी एक थोर संपादक आहेत. त्यांच्या दुकानात दुरुस्तीला आलेली सायकल पोळ्यापासून होळीची वाट पाहते. एका सायकलीवर तर दोडक्याचा वेल चढला. मालक येतो, दोडके तोडून नेतो, सायकल ठेवून जातो.” आणि खाली तू स्वतःची एक ओळ जोडली होतीस, “दोडके कडू निघाले, अशीही तक्रार आहे.”

मी फोर्कलिफ्ट बंद करून खाली उतरलो. तिकडून माय लहानीवर ओरडत होती, “मेलेल्या मानसाची फजिती सनाच्या दिवशी? गाव थुंकल आपल्यावर! छापायचं नाही म्हनजे नाही.” मी म्हटलं, माय, तू पूर्ण ऐकलं नाही, ऐक एकदा, मंग तू म्हणशील तसं. लहानीनं पुन्हा वाचलं, हळूहळू. शेवटची ओळ झाली. मले वाटलं, संपलं, आता अंक नाही निघत. आणि मग माय नाक ओढत म्हणाली, “कडू नोयते ते. चार दिवस भाजी खाल्ली त्यानं. लबाड होता एक नंबरचा. छापा.” आणि जी हसली, बा, जी हसली, तू गेल्यापासून मी तिले असं हसताना ऐकलं नव्हतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, मले माहीत आहे. पण एक गोष्ट कबूल करून टाकतो: इथं नवीन गावात कोणी नाव विचारलं, की मी आपणहून सांगतो, घरी मले शास्त्रज्ञ म्हणतात. यंदा लहानी तीनशे अंक काढते म्हणते, आणि झेरॉक्स नाही, छापून. सुट्टी नाही म्हणून मी तोरणाखाली नसेन. तिले छपाईचे दोन हजार सातशे रुपये पाठवून राहिलो.