खुंटीवरची करडी जर्सी

प्रिय लेस्या,

स्टेफामावशीकडे जाऊन तुला आठवडा होत आला. फोन तू उचलत नाहीस. मावशी म्हणते, "जेवते, झोपते, तुझं नाव काढलं की उठून जाते." म्हणून हे पत्र तिच्याच हाती पाठवतेय. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग.

शनिवारी पाइन रिजच्या संघाशी आइस हॉकीचा सामना आहे. जिंकलो तर बाद फेरीत, हरलो तर आपला हंगाम तिथंच आटोपला. आणि तू निरोप धाडलास, "ताई माझ्या फळीत नसेल तर मी बर्फावर पाय ठेवणार नाही." गावभर झालंय ते. काल रिंकच्या स्वयंपाकघरात करंजीसारख्या पिरोहीच्या पाऱ्या लाटायला उभी राहिले, तर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मारुसियानं तोंड उघडलंच, "पोटच्या पोरींना एकत्र ठेवता येईना, ही काय संघ सांभाळणार?" मी म्हटलं, "आधी तुझी पारी सांभाळ, फाटतेय बघ." सगळ्या हसल्या. मीही हसले.

राग मानू नकोस, पण तुम्हा दोघींचं कौतुक आणि तुम्हा दोघींचा रोग एकच आहे. गोठ्यामागच्या तळ्यावर तुम्ही दोघीच खेळत वाढलात, तिसरं कुणी नव्हतंच. तुझ्या ताईनं, दारकानं, मान न वळवता चकती सरकवायची आणि तू नेमकी तिथं असायचीस. ते बघायला लोक लांबून यायचे. यंदा मात्र तो खेळ सगळ्यांना पाठ झालाय. दारकाकडे चकती आली की समोरच्या दोघी सरळ तुझ्या अंगावर धावतात. उजव्या बगलेला तुमच्या तिघींच्या फळीतली ब्रिएल मोकळी, बर्फावर काठी आपटून आपटून थकते, पण तिच्याकडे बघतं कोण? चुकून दुसऱ्याच लग्नाला गेलेल्या पाहुणीसारखी ती पोर तुमच्या फळीत वावरत होती. एकदा मला म्हणाली, "कोच, मी बाकावरच बसते ना. तिथून निदान खेळ तरी नीट दिसतो."

आपण हरत गेलो आणि मी फळ्या मोडत-जोडत राहिले. दुसरी मोडली, तिसरी मोडली, गोलरक्षकसुद्धा बदलून पाहिली. तुमच्या फळीला हात लावायची तेवढी छाती झाली नाही. आईपण आडवं येत होतं, खोटं कशाला बोलू.

मग तो सोमवार. आपल्याकडे फळी कुणी तोंडानं सांगत नाही, सरावाला आलं की आपल्या खुंटीवर कुठल्या रंगाची जर्सी आहे ते बघायचं. दारकाच्या खुंटीवर शेवटच्या, चौथ्या फळीची करडी होती, आणि तुझ्या नि ब्रिएलच्या पहिल्या फळीची लाल दुसऱ्या फळीतल्या नताल्याच्या खुंटीवर. तू माझ्याकडे बघितलंस ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. सगळ्यांदेखत म्हणालीस, "ताईला कचऱ्यात टाकलंस ना, आई? आता मलाही टाक." दारका खाली मान घालून नाड्या बांधत राहिली. तुला वाटलं, बिचारी अपमान गिळतेय. त्या दिवशी रागारागात का होईना, तू ब्रिएलला दोनदा चकती दिलीस आणि दोन्ही वेळा गोल झाला. तुझ्या ध्यानातही आलं नसेल. सराव संपला तशी तू मावशीची बस धरलीस.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. ती जर्सी मी टांगली नव्हती. त्या सकाळी मी रिंकवर पोचले तेव्हा दारका माझ्या आधीच आलेली, आणि जर्सींची अदलाबदल करून झालेली. म्हणाली, "आई, मी शेजारी आहे तोवर ती दुसरीकडे बघायची नाही. आणि मीही नाही. मला काढ तिथून." मी कडाडून भांडले. म्हटलं, "तू चौथ्या फळीत? गाव माझ्या तोंडात शेण घालेल." तर म्हणते, "घालू दे. पण लेस्याला सांगायचं नाही. मी मागून घेतलंय हे कळलं तर तिला वाटेल, ताईनं मला टाकलं." मी तिला शब्द दिला होता. आज तो मोडतेय, कारण जिच्यासाठी तू रुसून बसली आहेस, तिनं मागितलेली एकच गोष्ट तूच धुळीला मिळवते आहेस. माझ्यावरचा राग खुशाल ठेव, त्याची मला सवय होईल. तिला काही विचारू नकोस, नुसती ये. काल ती तुझ्या स्केटना धार लावून घेऊन आली आणि दाराशी ठेवून गेली.

जिच्यावर रागावली आहेस, ती तुझीच
आई