रिकाम्या खाटेला बांधलेलं सूत

बुधवार, सांजच्याला

लढाई थांबली आणि आमचा फौजेतला नातू प्रशिक ऐतवारी सुट्टीवर येणार, म्हणून आज मी लई आनंदात होते. विहारातल्या बायकांबरोबर मिल्ट्रीच्या दवाखान्यात गेलते. जीपमधी सगळ्यांस्नी नातवाचं सांगितलं. सुमनवैनी म्हणाल्या, "व्हय आक्का, पाचव्यांदा ऐकलं!"

भंतेजींनी परित्राण, म्हंजी रक्षणाचा पाठ म्हणला, सुतावर पाणी शिंपडलं. आम्ही जखमी पोरांच्या मनगटाला पांढरं सूत बांधलं, केळी दिली. पोरं सहाच. खाटा मात्र चाळीसभर, रिकाम्या, चादरी कोऱ्या करकरीत. सूत उरलं. मंतरलेलं सूत टाकायचं कसं? मी आनंदाच्या भरात एका रिकाम्या खाटेच्या दांडीला बांधलं.

खांद्याला पट्टी असलेल्या पोरानं विचारलं, "आज्जी, ह्ये कुणासाठी?"

मी वळले. तिथल्या नर्सबाईला म्हणलं, "लढाई संपली न्हवं? मग एवढ्या खाटा कशाला?"

"कालच घातल्यात, मावशी. वरनं सांगितलंय, तयार ठेवा."

त्या कोऱ्या चादरी डोळ्यांपुढनं हालंनात. सूत सोडाय गेले, तर परित्राणाच्या पाण्यानं गाठ आवळलेली. सुटंना. जीपवाला हॉर्न मारत होता, तशीच आले.

घरी सून मोबाईल धरून उभी. प्रशिकची सुट्टी रद्द झाली. आज रातीच निघतोय म्हणाला, कुठं ते सांगितलं न्हाय.

"आत्याबाई, तुम्ही सूत बांधून आलाय न्हवं? मग मला घोर न्हाय," सून म्हणाली.

मी व्हय म्हणले.