भिंत चढणारी बोटं

रविवार, ता. २१, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनी बऱ्या असतील, पिल्लू आता घरभर पळत असेल. मीही इकडे मजेत आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

हे पत्र किती दिवस टाळतेय ते विचारू नकोस. कागद आणला तर पेन सापडेना, पेन सापडलं तोवर कागदावर मटार सोलून झाले होते. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मला खोटं पटकन सुचतं रे. कागदावर हात हळू चालतो, तेवढ्यात खरं पुढे येतं.

तर बातम्या. हॉटेलातलं काम सोडलं ते तुला माहीत आहे. त्यानंतरचं रोपवाटिकेतलं माहीत नसेल, पण तिथे फार टिकले नाही, त्यामुळे ते जाऊ दे. सध्या मी पडद्यांच्या दुकानात आहे. हे काम मला मनापासून आवडलंय. शिडी लावायची, दांडी ठोकायची, कड्या अडकवायच्या आणि खाली येऊन दोरी ओढून बघायची. उघड्यावाघड्या खोलीला एकदम घरपण येतं. शिवाय शिडीवरून लोकांच्या कपाटांवरची धूळ दिसते. मोठमोठ्या साहेबांच्या कपाटांवरही असते, बरं का. एकाच्या कपाटावर तर चक्क कवायतीची डंबेल्स होती, इतकी धूळ खाल्लेली की आधी मला ती मेलेली घूस वाटली.

शिडीवरून आठवलं. मी पडले.

घाबरू नकोस, आता बरं आहे. एका सभागृहाचा जड पडदा लावताना शिडी सरकली आणि मी उजव्या खांद्यावर आले. हाड चिरलं. हात गळ्यात बांधून ठेवला होता, तो सुटला तेव्हा हाड जुळलं होतं, पण खांदा गंजल्यासारखा झाला होता. बोटांपासून कोपरापर्यंत हात माझा, त्याच्या वर कुणा दुसऱ्याचा. केस विंचरायला डावा हात लागायचा. तेव्हाच तुझा फोन आला होता आणि मी "सर्दी झालीय" म्हणाले होते. ती सर्दी नव्हती, मी रडत होते.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सोपं काम दिलं. भिंतीपाशी उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, कोळी चढतो तशी. जिथे थांबाल तिथे पेन्सिलीची खूण करायची. रोज. "रोज म्हणजे रोज," त्या म्हणाल्या, "आठवड्याचा एकदम करून चालत नाही." माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं असावं.

पहिले काही दिवस मी झपाटल्यासारखा व्यायाम केला. मग एक दिवस पाहुणे. मग एक दिवस डोकं दुखत होतं. मग एक दिवस काहीच नव्हतं, तरी नाही केला. तुला माझं माहीतच आहे.

पलीकडच्या खोलीत एक निवृत्त कंडक्टरबाई राहतात. एकट्या. आवाज असा, की तळमजल्यावरचा माणूससुद्धा पुढे सरकतो. शिडीवरून पडले म्हणून मला 'शिडी'च म्हणतात. त्यांचा गुडघा बदललाय, त्यांनाही पाय वाकवायचा व्यायाम. जिन्यावरून बसत बसत खाली उतरतात आणि ते कुणी पाहिलेलं त्यांना खपत नाही. त्यांनीच तोडगा काढला. आमच्यामधे एकच भिंत आहे. सकाळी दोघींनी आपापल्या बाजूने व्यायाम करायचा आणि दर खेपेला एक टकटक. पलीकडून टकटक आली की आपण आळस करायचा नाही.

छान चाललं. म्हणजे टकटक छान चालली.

खोटं नाही सांगत, आठवडाभरातच मी अंथरुणात पडल्या पडल्या टाचेने भिंत ठोकायला लागले. पलीकडून अगदी तालात उत्तर यायचं. मला वाटायचं, बिचारी म्हातारी घाम गाळतेय आणि मी लोळतेय. वाईटही वाटायचं, पण उठण्याइतकं नाही. एकदा माझा कोटा ठोकून झाला आणि मी पाणी भरायला बाहेर गेले. बाईंची खिडकी उघडी. बाई खुर्चीत, पाय स्टुलावर, एका हातात चहा. दुसऱ्या हाताने फणी भिंतीवर आपटत होत्या. टक. घोट. टक.

"तू इथे काय करतेस?" त्या गरजल्या. "तुझा हात भिंतीवर हवा!"

"आणि तुमचा गुडघा?"

बाई फणीकडे बघत राहिल्या. "म्हणजे ए शिडी, तू पण?"

"मी पण."

मग इतक्या हसल्या, की चहा पदरावर सांडला. हसून झाल्यावर फणी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "नोकरीत एवढ्या फुकट्यांना पकडलं गं, आणि स्वतःच्याच गुडघ्याला फसवत बसले."

तेव्हापासून टकटक बंद. दोन्ही दारं उघडी, दोघी गॅलरीत. त्यांचा पाय कठड्याला, माझा हात भिंतीला. येणारेजाणारे विचारतात, "काय, स्पर्धा आहे का?" बाई म्हणतात, "हो, तुम्ही हरलात." मला अजूनही व्यायाम आवडत नाही, दादा. कंटाळाच येतो. पण बाई दार उघडून उभ्या असतात. मी गेले नाही तर त्याही करणार नाहीत, हे पाहिलंय ना मी.

आता जे लिहायचं टाळत होते ते. मालक भला माणूस आहे, मला इतके दिवस बसून कड्या शिवायचं काम दिलं. पण महिनाअखेरीला नव्या शाळेचं मोठं काम सुरू होतंय. त्याला शिडीवर माणूस हवाय. तो म्हणाला, "हात सरळ वर गेला तर तू. नाहीतर मला दुसरं कुणी घ्यावं लागेल, पोरी, रागावू नकोस." खूण कानाच्या वर सरकलीय. सरळ वर अजून वीतभर राहिलंय. दिवस फार नाहीत. आणि हात नाही गेला तर मला घरी परत जावं लागेल. मी घरातून निघताना बाबांनी माझ्या कुठेच न टिकण्याबद्दल जे म्हटलं होतं ते तू ऐकलंस, मी परत लिहीत नाही. बाबांना हे काही कळू

दादा, मधेच उठावं लागलं. बाबा आलेत.

खरंच. दारात उभे होते, हातात पिशवी, रात्रभर प्रवास केलेला चेहरा. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. बाई मागून म्हणाल्या, "परवा तुझा फोन वाजत होता, तू आंघोळीला. मी उचलला. त्यांनी विचारलं, पोरगी कशी आहे. खोटं बोलायला तू नव्हतीस."

बाबा एवढंच म्हणाले, "सामान बांध." मग माझ्या खांद्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागले. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. रागावलेले असते तर बरं झालं असतं.

बाईंनी त्यांच्या हातात टॉवेल दिला. "तोंड धुवा आधी. आमचा व्यायाम व्हायचाय. मग बापलेकी काय ते भांडा."

ते नळावर आहेत तोवर लिहितेय. आले की मी भिंतीपाशी उभी राहणार. कानापर्यंत हात बरा जातो, तिथून पुढे दातओठ खावे लागतात, डोळ्यांत पाणी येतं. तेही त्यांना दिसेल. दिसू दे. पूर्ण जाणार नाही, आज तरी नाही. जेवढा जातो तेवढा त्यांच्यासमोर वर नेणार आहे, आणि खूण करायला पेन्सिल त्यांच्याच हातात देणार आहे. त्यानंतरही घरी चल म्हणाले तर काय बोलायचं, ते मला माहीत नाही.

नळ बंद झाला.

सामान न बांधलेली,
तुझी धाकटी