सहा एकर, खाट नंबर नऊ

१४ जून १९६८
टी. बी. वॉर्डात चौथा महिना, खाट नंबर नऊ. सकाळी सुई, मग गोळ्या. शेजारच्या खाटेवरच्या गंगाबाईनं आज मलाही शेती दिली. ती कळमेश्वरकडची, जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी. वहीच्या पानावर सहा चौकोन, म्हणजे सहा एकर. रोज तीन चिंचोके, म्हणजे तीन माणसांचं काम. कुठं लावायचं ते आपण ठरवायचं. पाऊस मात्र खरा. खिडकीबाहेर पडेल तोच आपल्या शेतात. पाच जणी खेळतात. मी शाळामास्तरीण, लिहिता येतं, म्हणून मला घेतलं.

१९ जून
पाऊस. काल-आज मिळून सहाही एकर कापूस पेरला. गंगाबाईनं पान पाहिलं. "एका पाण्याच्या भरवशावर सारं टाकलं काय वं?" तिनं तीनच एकर पेरले.

३ जुलै
चौदा दिवस कोरडे. माझं सगळं बियाणं गेलं. गंगाबाईचे तीन एकर गेले, तीन हाती आहेत.
ती सांगते ते खेळात नव्यानं येणाऱ्या बाईसाठी लिहून ठेवते आहे. वीतभर ओल गेल्याशिवाय पेरू नये. एक एकर ज्वारी आधी, घरच्या खाण्याची, कापूस नंतर. कापसात तुरीच्या ओळी. निंदण आठवडाभर टाळलं की तीन चिंचोके पुरत नाहीत. बैलजोडी वाढवायची तर आधी कडबा आहे का ते बघ.
 

३० जुलै
कन्हानहून आईचं पत्र. माझी मीना तिच्याकडेच, तीन वर्षांची. लिहिते, आता तुझं नाव काढत नाही, छान खेळते, काळजी नको. दोनदा वाचलं. घडी केली. रडू येईल वाटलं होतं.
तीन चिंचोके निंदणाला.

२ सप्टें.
थुंकीची तपासणी परत +. डॉ. म्हणाले, अजून तीन महिने तरी. बरं म्हटलं. मीनाचे बाबा जूनपासून आलेले नाहीत. दुबार पेरलेला कापूस गुडघ्याएवढा. गंगाबाईचा कमरेला.

६ ऑक्टो., रवि.
मीनाचे बाबा आले. दाराशीच उभे, तोंडाला रुमाल. त्यांची मोठी बहीण बिलासपूरला असते, मूलबाळ नाही. ती मीनाला मागते. सांभाळायला नाही, कायमची. माझ्या आजाराचं काही सांगता येत नाही, आईही थकली, असं सगळं रुमालातून बोलले. मग म्हणाले, "तू हो म्हटलं की झालं." मी पुढच्या रविवारी सांगते म्हटलं. संत्री ठेवून गेले.

९ ऑक्टो.
गंगाबाईला सांगितलं. ती कापूस वेचत होती, पानावर फुल्या मारत. हातातला चौकोन संपवला. मग म्हणाली, "मी बी एक देल्ली होती, जावेले. माह्यावाली दुसरी पोरगी. चांगली हाये ते. लगन झालं तिचं."
देऊ का मग, मी विचारलं.
"मले काकी म्हनते," ती म्हणाली. आणि पुढच्या चौकोनात गेली.
मी पण वेचायला बसले. दोन एकर झाले.

१३ ऑक्टो., रवि.
मीनाचे बाबा आले. म्हटलं, आधी मीनाला एकदा दाखवा, मग सांगते. लहान मुलांना आत सोडत नाहीत. तर खाली अंगणात आणा, मी खिडकीतून बघेन. बिलासपूरच्या ताई पुढच्या रविवारी येणार आहेत, तेव्हा आणतो म्हणाले.

१७ ऑक्टो.
ताप ९९.४. काम काही केलं नाही. चिंचोके तसेच.

२० ऑक्टो., रवि.
चार वाजता आले. खाली कडुनिंबाजवळ तिघं. मीनाला नवा फ्रॉक, ताईंचं बोट धरलेलं. उंच झाली आहे. ताईंनी वर बोट दाखवलं, ती बघ आई. मीना एकेक खिडकी बघत गेली. पाच खिडक्या, पाचींत बायका. मी हात केला. तिनंही केला, गंगाबाईला.
गंगाबाई लगेच मागं सरकली.
मीनाचे बाबा खालून माझ्याकडे बघत होते. मान वर करून, विचारल्यासारखे. ताई पण. ताईंची बिलासपूरची गाडी सहाची होती. मी गज धरून उभी होते. मान हलवली नाही, ना होकाराला, ना नकाराला. खाली मीना निंबोळ्या शोधत होती, या दिवसांत नसतात तरी.
भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हाही ते तिथंच उभे होते.