आकडीचं कडं

दि. १८ मार्च, दुपारची जेवणं आटोपल्यावर

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. तुमचं पत्र मिळालं. अक्षर अजूनही तसंच आहे, कोंबडी कागदावरून चालून गेल्यासारखं. पण लिहिलंत हेच खूप. फोनवर तुम्ही "हो, हो, बरं" याच्यापलीकडे कधी जात नाही.

इकडे सगळं ठीक. आईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसरा डॉक्टरच्या हवाली करायला त्या तयार नाहीत. म्हणतात, माझ्या पोराला डोळे भरून बघायचं होतं ते बघून झालं, आता एक पुरे. होडीचं छप्पर रंगवून घेतलं. सकाळच्या फेरीला नर्सबाई, शाळेचे दोन मास्तर आणि आपला अंडीवाला, हे ठरलेलेच. अंडीवाला अजूनही होडी धक्क्याला लागायच्या आत उडी मारायला बघतो. त्याला सांगितलंय, अंडी फुटली तर दुसरी मिळतील, पाय मिळणार नाही. तो हसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठावर उभा.

चिंगीबद्दल तुम्ही लिहिलंत. पोरीने नोकरी सोडली, होडी चालवायला शिकायचंय, काकूकडे पाठवतो. वाचून आनंद झाला. पण सध्या पाठवू नका. वरची खोली गळते, गवंडी आज येतो उद्या येतो करतोय. दोन-तीन महिने जाऊ देत.

हे वाचून तुम्ही म्हणाल, वहिनीला लेक जड झाली. तसं मनात आणू नका. शिकवायला माझी ना नाही, आणि शिकवण्यासारखं आहे तरी किती? धक्क्याची कडी पकडायची ती आकडीची काठी कुशीला धरायची, पोटासमोर कधीच नाही. म्हणजे होडी पुढे रेटली गेली तरी काठी बाजूने मागे सरकते, पोटात घुसत नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही. आधी धक्क्यावरच्या खुंट्याला वेढा द्यायचा, ओढ खुंट्याने सोसायची, माणसाने नाही. होडी आणि धक्क्याच्या फटीत ना हात ना पाय. आणि आकडी धक्क्याच्या कडीत अडकली अन् होडी मागे जायला लागली, तर मूठ उघडायची. काठी गेली तर गेली. एवढं चिंगीला एका दुपारी येईल.

फक्त मूठ उघडून भागायला मनगट मोकळं असावं लागतं.

खोलीचं मी खोटं लिहिलं, भाऊजी. खोली कोरडी ठणठणीत आहे. पलंगावर नवी चादरसुद्धा घालून ठेवलीय.

आता जे लिहिते ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. कारण ह्यांना जाऊन चार वर्षं झाली आणि आपण दोघं एकमेकांशी हे सरळ कधीच बोललो नाही. मामंजींच्या वेळी एक आकडी पाण्यात गेली, त्यांनी घर डोक्यावर घेतलं, आणि आईंनी काठीच्या मागच्या टोकाला जाळ्याच्या दोरीचं गोल विणून बांधलं. त्यात हात घातला की काठी सुटली तरी जात नाही. धक्क्यावरचे लोक चेष्टा करायचे, बायकी काम म्हणायचे. तुम्ही दोघं भाऊ मात्र ते 'आईचं कडं' मनगटात घालून मिरवायचात. दुसऱ्या कुठल्याच होडीवर असलं काही नव्हतं. आपल्याच घरात हे होतं, आणि आपल्याच घरातला माणूस गेला.

त्या दिवशी मी धक्क्यावर दोर घ्यायला उभी होते. ह्यांनी आकडी कडीत टाकली, तेवढ्यात मोठी बोट जवळून गेली. लाटेने होडी मागे ओढली. ह्यांनी मूठ उघडली होती, भाऊजी. मी पाहिलं. पाचही बोटं उघडी होती. कड्याने सोडलं नाही. हे फटीत गेले आणि होडी परत आली. होडीवरच्या मेकॅनिकने उडी टाकून कडं कापलं, तेव्हा उशीर झाला होता.

मग तुम्ही मला आणि मेकॅनिकला बाजूला घेऊन म्हणालात, "आईला कड्याचं कळता कामा नये. पाय घसरला म्हणून सांगायचं." शपथही घातलीत. तेव्हा मलाही तेच बरोबर वाटलं. तुमच्यावर राग नाही. त्या वेळी आपल्याला एवढंच सुचलं.

पण ती काठी कोणीतरी आणून अंगणात ठेवली. मेकॅनिकचं पातं बोथट होतं, दोरी सरळ कापली गेली नव्हती, धागे पिंजल्यासारखे लोंबत होते. आईंनी बोटांनी चाचपून पाहिलं. दिवसकार्य झाल्यावर त्या विणायला बसल्या. मला वाटलं, जीव रमवतायत, रमवू देत.

तेव्हापासून हेच चाललंय. मी पहिल्या फेरीला निघते तर आकडीला नवं कडं. मी ते कापून टाकते. चार-आठ दिवसांत पुन्हा दुसरं, आधीच्यापेक्षा जाड. आम्ही दोघी त्यावर अवाक्षर काढत नाही. सासू विणते, सून कापते. बाहेरच्याने पाहिलं तर म्हणेल, या घराला काहीतरी बाधलंय. आणि तो चुकीचं म्हणणार नाही.

आई सांगतात, त्यांचा लेक येतो. चहाच्या वेळी, सहज सांगतात, दूधवाला आला म्हणावं तसं. दारात उभा राहतो, बोलत नाही, नुसता हात पुढे करतो. मी कप विसळत बसते. मला भीती वाटते, कारण मला ते खोटं वाटत नाही. आकडी कडीत पडल्याचा आवाज झाला की काठी एकदम जड होते, टोकाला कोणी लोंबकळावं तशी. मग गरज नसताना मी मूठ उघडते. या वर्षी माझ्या इतक्या काठ्या पाण्यात गेल्या की लोहार मला लांबून बघूनच हसतो. नुकसान होतंय, होऊ दे. पण रोज मूठ उघडताना मला ह्यांची बोटं दिसतात.

हे असंच रेटलं असतं. पण काल चिंगी येणार हे आईंना कळलं. किती खूश झाल्या म्हणून सांगू. मला जवळ बसवलं, माझा हात ओढून घेतला आणि मनगटाभोवती दोरी फिरवली.

"चिंगीचं मनगट तुझ्याएवढंच असेल ना गं?"

त्या दोरीला पीळ देत म्हणाल्या, "माझा पीळ कच्चा पडला, म्हणून माझं पोर गेलं. कडं तुटलं नसतं तर त्याच्या हाताला काठीचा आधार राहिला असता. कोणी मला बोललं नाही, पण मला कळत नाही का? पोरीच्या वेळी तसं होऊ द्यायची नाही मी."

चार वर्षं त्या हे पोटात घेऊन जगतायत, भाऊजी. आपण ज्यापासून त्यांना वाचवलं म्हणत होतो, ते त्यांनी उलट्या बाजूने स्वतःवर ओढवून घेतलं.

तुम्ही म्हणाल, चिंगीला बजावून ठेवू, कड्यात हात घालू नकोस. पण आजी स्वतः ते चढवायला येईल, तेव्हा ती नाही म्हणेल? तुमच्या दादांना तरी कुठे जमलं? हसत हसत हात पुढे करायचे. मी एकदा काठीवरचं कडं कापेन, दोनदा कापेन. ज्या दिवशी मला ताप असेल त्या दिवशी पोर एकटी होडीवर जाईल.

म्हणून मी आईंना सांगणार आहे. तुमची परवानगी मागत नाही, शपथ मोडते एवढं कळवते. रविवारी होडी बंद असते. तुम्ही या. चिंगीला नंतर आणा.

कसं सांगायचं ते मनाशी घोकलंय. "आई, तुमचं कडं तुटलं नव्हतं," इथून सुरुवात करेन. ऐकून त्यांना आधी बरंच वाटेल. चेहरा खुलेल, चार वर्षांत पहिल्यांदा. तो खुललेला चेहरा मला बघावा लागणार आहे. मग त्या विचारतील, "मग काय झालं गं?"

त्यानंतर त्यांना धरायला मी एकटी पुरी पडणार नाही.

रविवारची वाट बघणारी,
तुमची वहिनी